कर्ज फिटेनासे झाले तर: हप्त्यांची फेररचना, तडजोड की नादारीचा अर्ज?

‘सरळ दिवाळे काढतो आणि मोकळा होतो’ असे म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा अमेरिकेतली पद्धत असते, नाहीतर २०१६ ची दिवाळखोरी संहिता. पगारदार किंवा छोट्या दुकानदाराला या दोन्हींचा उपयोग नाही. संहितेतला वैयक्तिक कर्जाचा भाग आजवर फक्त एकाच गटासाठी लागू झाला आहे: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे लोक. तोही १ डिसेंबर २०१९ पासून. वर्षाला ६०,००० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न, २०,००० पेक्षा कमी मालमत्ता आणि ३५,००० पर्यंतचे कर्ज असलेल्यांना ‘नवी सुरुवात’ देणारे प्रकरण संहितेत लिहिलेले आहे, पण ते अजून कागदावरच आहे.

म्हणजे बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातले दोन नादारी कायदे उरतात. नादारी म्हणजे देणी फेडता येत नाहीत असे न्यायालयाकडून ठरवून घेणे. मुंबईत राहणाऱ्याला किंवा धंदा करणाऱ्याला १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा, ज्यात अर्ज मुंबई उच्च न्यायालयात होतो. ठाणे, पुणे, नागपूर, सांगली, लातूर, थोडक्यात उरलेल्या महाराष्ट्राला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्यात अर्ज जिल्ह्याच्या न्यायालयात होतो. दोन्ही कायदे जिवंत आहेत आणि चालतात. पण त्यांतून मिळते ते मुख्यतः संरक्षण. कर्जमाफी सगळ्यात शेवटी येते आणि तीही प्रत्येकाला मिळतेच असे नाही. म्हणून नादारी हा पहिला पर्याय धरून चालू नका. आधी खालचे हिशेब करा.

पहिले काम: सगळी कर्जे एका कागदावर

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल फुकट मिळतो. किमान दोन संस्थांचे अहवाल काढा, कारण छोट्या वित्तसंस्थांची नोंद कधी एकीकडे असते, दुसरीकडे नसते. गावातली पतसंस्था, सोसायटी, भिशी, हातउसने आणि सावकार अहवालात बहुधा दिसत नाहीत, ते हाताने लिहा.

प्रत्येक कर्जापुढे सात गोष्टी हव्यात: आज शिल्लक किती, व्याजदर किती, हप्ता किती, किती दिवस थकले, तारण काय, जामीनदार किंवा सहकर्जदार कोण, आणि कोरे किंवा सही केलेले चेक किती दिले आहेत. बहुतेक लोक शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवतात. पुढे सगळ्यात जास्त त्रास याच दोन रकान्यांतून होतो.

थकल्याच्या दिवसांना अर्थ आहे. ३० दिवसांपर्यंत थकले की बँक खात्यावर पहिली खूण करते, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी, आणि ९० दिवस ओलांडले की खाते एनपीए (म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, अनुत्पादक) होते. हप्ते वाढवून घेण्याची बोलणी एनपीए होण्याआधी सोपी जातात. रक्कम कमी करून घेण्याची बोलणी मात्र एनपीए झाल्यावरच बँक गंभीरपणे करते. आपल्याला यातले नेमके काय हवे आहे, हे ठरवल्याशिवाय बँकेत जाऊन उपयोग नाही.

दुसरे काम: एक भागाकार

हातात येणाऱ्या पगारातून घरभाडे, किराणा, शाळेची फी, औषधे, वीज, प्रवास वजा करा. गृहकर्ज असेल आणि घर राखायचे असेल तर त्याचा हप्ताही वजा करा. उरले ते कर्जफेडीला. १४ टक्के व्याजाने पाच वर्षांत कर्ज फेडायचे तर दरमहा १,००० रुपयांत साधारण ४३,००० रुपयांचे कर्ज फिटते. हा आकडा लक्षात ठेवा.

समजा हातात ४५,००० येतात, घरखर्च २९,००० आहे. उरतात १६,०००. म्हणजे पेलण्याजोगे विनातारण कर्ज सुमारे ६ लाख ८८ हजार. आता देणी पाहा: वैयक्तिक कर्ज ३,६०,००० (हप्ता ११,५००), क्रेडिट कार्डे १,८०,०००, पतसंस्था १,००,००० (हप्ता ४,०००). एकूण ६,४०,०००. पेलण्याजोग्या मर्यादेत आहे. तरीही हा माणूस दर महिन्याला बुडतो आहे, कारण कार्डांची किमान रक्कम ९,००० धरली तर महिन्याला २४,५०० द्यावे लागतात आणि ८,५०० कमी पडतात. ते तो कुठल्यातरी मोबाइल ॲपवरून उचलतो.

खरे दुखणे कार्डाचे आहे. महिन्याला साडेतीन टक्के दराने १,८०,००० वर ६,३०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. म्हणजे ९,००० भरले तरी मुद्दल फक्त १,५६६ ने कमी झाले. या माणसाने घरातले सोने विकून (गहाण ठेवून नव्हे) एक लाख कार्डात भरले, उरलेल्या ८०,००० चे ३६ महिन्यांचे हप्ते १८ टक्क्यांनी करून घेतले तर हप्ता सुमारे २,९००. वैयक्तिक कर्जाची मुदत ६० महिने करून घेतली तर १४ टक्क्यांनी हप्ता सुमारे ८,४००. पतसंस्थेचे ४,०००. बेरीज १५,३००. नादारी नाही, तडजोड नाही, सिबिलवर तडजोडीचा डागही नाही.

भागाकाराचे उत्तर असे वाचा. देणी पेलण्याच्या मर्यादेत असतील तर हप्त्यांची फेररचना करा. मर्यादेच्या दुप्पट-तिपटीवर असतील, पण नातेवाईक, जुनी ठेव किंवा विकण्याजोगी एखादी वस्तू यांतून एकरकमी पैसा उभा राहत असेल, तर तडजोड. आणि दरमहा उरतच काही नसेल, विकायला काही नसेल, अंगावर हुकूमनामे (न्यायालयाने दिलेले वसुलीचे निकाल) असतील, तर नादारीचा विचार सुरू होतो.

कोणाचे आधी द्यायचे

लोक जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात. हा क्रम चुकीचा आहे. कार्डवाल्यांचे वसुली एजंट रोज फोन करतात, पण त्यांच्याकडे तारण नसते. त्यांना दिवाणी दावा किंवा लवाद, मग हुकूमनामा, मग त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त असा लांबचा रस्ता आहे. गृहकर्जवाली बँक काही महिने गप्प असते आणि मग थेट घरावर येते. म्हणून पहिला क्रमांक तिचा.

तारण असलेल्या कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्यात बँकेला न्यायालयात जावे लागत नाही. ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग लिलावाची ३० दिवसांची नोटीस. ६० दिवसांच्या नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथे ही न्यायाधिकरणे आहेत. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरली असेल तरी लागू नाही. घर हातचे जाणारच असे दिसत असेल तर नोटिशीच्या ६० दिवसांतच बँकेची लेखी परवानगी घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावात येणारा भाव बाजारभावाच्या जवळ क्वचितच असतो.

दुसरा क्रमांक पतसंस्था आणि पगारदार सोसायटीचा, कारण तिथे दोन जामीनदार असतात आणि ते बहुधा तुमच्याच कचेरीतले असतात. सहकारी संस्थेला दिवाणी दावा करण्याची गरज नसते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती करतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखल्यासाठी सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहा. खातेउतारा मागा, चुकीचे व्याज तिथेच दाखवा. दाखला निघाल्यावर जागे होणाऱ्याला हे सगळे फार महाग पडते.

तिसरे, ज्यांच्याकडे चेक आहेत ते. चेक परत गेल्यावर ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची संधी, त्यानंतर महिनाभरात फौजदारी तक्रार, असा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा क्रम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तशीच तक्रार होते. १५ दिवसांची ती खिडकी वाया घालवू नका. फौजदारी तक्रारीत एकदा समन्स निघाले की तडजोडीचा भाव वाढतो.

कार्डे आणि विनातारण ॲप-कर्जे सगळ्यांच्या शेवटी. हे वाचून काहींना धक्का बसेल, पण क्रम हाच.

फेररचना मागायची कशी

शाखेत जाऊन तोंडी रडगाणे गाऊ नका. एक पानाचे पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात चार गोष्टी असाव्यात: उत्पन्न का घटले (नोकरी गेल्याचे पत्र, रुग्णालयाची बिले सोबत), आत्ताचे उत्पन्न व खर्च, किती हप्ता झेपेल तो आकडा, आणि कोणत्या तारखेपासून. ‘सहकार्य करावे’ एवढेच लिहिले तर ‘विचाराधीन’ एवढेच उत्तर येते.

पत्रात एक काळजी घ्या. विनातारण कर्जासाठी तीन वर्षांत दावा न केल्यास दाव्याची मुदत संपते, पण मुदतीच्या आत तुम्ही सही करून कर्ज मान्य केले किंवा थोडी रक्कम भरली तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. चालू कर्जाला याने फरक पडत नाही. जुन्या, कोणी विचारत नसलेल्या थकबाकीसाठी मात्र एजंट ‘फक्त पाचशे भरा, फाइल चालू राहील’ म्हणतो, तेव्हा त्यामागे हेच गणित असते.

दंडाचेही बघा. २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्यांना दंडव्याज लावता येत नाही. दंड आकार लावता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. खातेउताऱ्यात तसे दिसले तर लेखी हरकत घ्या. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आला, घरच्यांना, शेजाऱ्यांना किंवा साहेबाला केला, तर तीही तक्रार तिथेच. फोनची वेळ आणि रेकॉर्डिंग ठेवा. परवाना नसलेले ॲप फोटो पसरवायची धमकी देत असेल तर १९३० या सायबर क्रमांकावर कळवा. तिथे आणखी पैसे भरून सुटका होत नाही, धमकी देणाऱ्याला फक्त कळते की हा माणूस भरतो.

एकरकमी तडजोड

खाते एनपीए झाले, वर्ष उलटले, बँकेने वसुलीची आशा सोडली, की ‘ओटीएस’चे, म्हणजे एकरकमी तडजोडीचे, पत्र येते. किती टक्क्यांत मिटेल याचा ठरलेला दर नसतो. विनातारण कर्जात सूट जास्त, तारण असलेल्यात नगण्य. आर्थिक वर्ष संपताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि लोकअदालतीच्या आधी बँका जास्त ऐकतात. पहिला आकडा तुम्ही सांगू नका, आणि सांगावाच लागला तर हातात प्रत्यक्ष असलेल्या रकमेपेक्षा कमी सांगा. तीन हप्त्यांपेक्षा जास्त हप्त्यांत तडजोड मागू नका. एखादा हप्ता चुकला की बहुतेक पत्रांतल्या अटीप्रमाणे सूट रद्द होते आणि भरलेले पैसे व्याजात जातात.

तडजोड इथे फसते: एजंट तोंडी आकडा सांगतो, पैसे त्याच्या यूपीआयवर जातात, आणि सहा महिन्यांनी दुसरी एजन्सी उरलेल्या रकमेसाठी फोन करते. पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून पत्र हवे. त्यात कर्ज खाते क्रमांक, तडजोडीची नेमकी रक्कम, तारखा, ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द, चालू असलेला दावा, लवाद व चेकची तक्रार मागे घेण्याची हमी, आणि चेक परत देण्याची तारीख असावी. पैसे फक्त कर्ज खात्यातच भरा. नंतर येणेबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि तो कायमचा जपा. तारण असेल तर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे.

किंमत अशी: पतअहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पतअहवाल देणाऱ्या संस्थांकडची नोंद किमान सात वर्षे राहते, आणि त्याच बँकेकडून नवे कर्ज मिळायला किमान बारा महिने थांबावे लागते. घरासाठी कर्ज काढायचा बेत पुढच्या दोन-तीन वर्षांत असेल तर सूट सोडून पूर्ण रक्कम हप्त्याने फेडणे कधी कधी स्वस्त पडते.

‘आम्ही तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो, तोवर हप्ते भरू नका’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून लांब राहा. आधी शुल्क घेतात आणि नंतर खाते एनपीए होण्याची वाट पाहतात. ते तर काहीही न करता होतेच.

लोकअदालत हा तडजोडीचाच अधिक पक्का प्रकार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला की दावा दाखल होण्याआधीचे प्रकरणही तिथे लागते. फी नाही, आणि निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. शेवटचे वाक्य दोनदा वाचा. तिथे गर्दीत, घाईत मान्य केलेला हप्ता झेपला नाही तर बँक थेट दरखास्त लावते. सही करण्याआधी घरून आणलेला भागाकार खिशातून काढा.

सावकार

महाराष्ट्रात हा वेगळाच विषय आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. चक्रवाढ चालत नाही आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. महिन्याला दहा टक्के घेणारा बहुधा विनापरवाना असतो, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याने खरेदीखत करून जमीन किंवा घर नावावर करून घेतले असेल तर मागच्या १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, तपासू शकतात आणि मालमत्ता परत देण्याचा आदेश काढू शकतात. खरेदीखताच्या तारखेच्या आसपासचे व्याज भरल्याचे पुरावे (फोनवरचे संदेश, बँकेतून केलेले हस्तांतर) गोळा करा. अशा सावकारासाठी नादारीत जाणे म्हणजे त्याला विनाकारण धनको (कायदेशीर येणेकरी) म्हणून मान्यता देणे.

नादारीचा अर्ज: काय मिळते, काय जाते

१९२० च्या कायद्याखाली तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, जर देणी फेडता येत नाहीत आणि पुढीलपैकी एक गोष्ट खरी आहे: देणी ५०० रुपये किंवा जास्त (ही मर्यादा शंभर वर्षांत बदललेली नाही, त्यामुळे ती अट उरलेलीच नाही), किंवा हुकूमनाम्यापोटी अटक झाली आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे. धनकोही तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो, पण त्याला तीन महिन्यांच्या आत घडलेले ‘नादारीचे कृत्य’ दाखवावे लागते. धनकोंना टाळण्यासाठी घर सोडून जाणे, त्यांना चकवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, ही अशी कृत्ये. मुंबईत हुकूमनामा हाती असलेले धनको नादारीची नोटीस बजावतात. तिच्यात किमान महिनाभराची मुदत असते. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत किंवा नोटीस रद्द करण्याचा अर्ज केला नाही, की ते आपोआप नादारीचे कृत्य ठरते. ही नोटीस हुकूमनाम्यावरच निघते, निव्वळ लवादाच्या निवाड्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे.

अर्जात सगळ्या धनकोंची नावे-पत्ते-रकमा, सगळ्या मालमत्तेची यादी किमतीसह, आणि ती न्यायालयाच्या स्वाधीन करायची तयारी लिहावी लागते. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात. एक धनको ‘विसरला’ किंवा एक प्लॉट यादीत आला नाही, तर अर्ज तिथेच अडकतो. मालमत्ता मुद्दाम दडवली तर वर्षापर्यंत कैद आहे.

अर्ज दाखल केल्याने सगळे थांबते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. थांबत नाही. ‘नादार’ म्हणून ठरवणारा आदेश झाल्यावरच धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवे दावे करता येत नाहीत. त्याआधी अटकेपासून संरक्षण हवे असेल तर वेगळा अर्ज करून मागावे लागते. चेकची फौजदारी तक्रार तर आदेशानंतरही आपोआप संपत नाही.

आदेश झाला की तुमची सगळी मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते (मुंबईत ऑफिशियल असायनीकडे). सुटते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधले: कपडे, भांडी, अंथरुण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि राहते घर, भविष्य निर्वाह निधी, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम. शहरातला फ्लॅट सुटत नाही. तारण असलेली बँक या सगळ्याच्या बाहेरच राहते, तिला घर विकायला नादारीची आडकाठी नाही.

यातला सर्वांत कमी माहीत असलेला भाग पुढचा. आदेशापासून मुक्ततेपर्यंत (न्यायालय उरलेल्या देण्यांतून सोडवेपर्यंत) जे काही मिळेल तेही रिसीव्हरचे. प्रकरण चालू असताना वडील वारले आणि वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आला, तर तो हिस्सा धनकोंकडे जातो. आणि मागे जाऊनही बघतात: अर्जाच्या आधी दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले बक्षीसपत्र रद्द होऊ शकते, तीन महिन्यांत एकाच धनकोला पक्षपाताने दिलेले पैसे परत मागवता येतात. बायकोच्या नावे फ्लॅट करून मग नादारीत जायचा सल्ला देणारा माणूस तुमचा वकील नसावा.

मुक्तता वेगळी मागावी लागते. आदेशातच त्यासाठी मुदत दिलेली असते आणि ती चुकवली तर नादारीचा आदेशच रद्द होतो, सगळे धनको मोकळे, आणि पुन्हा अर्ज करायला परवानगी लागते. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रकरणे याच पायरीवर पडतात: संरक्षण मिळाले, लोक गाफील झाले, मुक्ततेचा अर्ज राहिला. मागितली तरी बिनशर्त मुक्तता सहज मिळत नाही. मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या रुपयाला आठ आणे निघत नसतील आणि त्याला तुमचा दोष कारणीभूत असेल, वह्या नसतील, जुगार, सट्टा किंवा उधळपट्टी झाली असेल, फेडता येणार नाही हे माहीत असून कर्ज घेतले असेल, तर न्यायालय बिनशर्त मुक्तता नाकारते. ऑनलाइन बेटिंगने किंवा शेअर बाजारातल्या ऑप्शन्सनी बुडालेल्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी सुटत नाही. आणि जामीनदारही सुटत नाहीत. तुम्ही मोकळे झालात तर पतसंस्था शंभर टक्के वसुली तुमच्या दोन सहकाऱ्यांकडून करेल.

मुक्ततेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचा संचालक राहता येत नाही, आणि नादार असल्याचे न सांगता ५० रुपयांची उधारीही केली तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांना कळवावे लागते.

एवढे असूनही नादारी कोणासाठी? धंदा प्रामाणिकपणे बुडाला आहे, वह्या नीट आहेत, नावावर मालमत्ता नाही आणि येण्यासारखा वारसाही नाही, जामीनदार कोणी नाही किंवा तेही बुडाले आहेत, चार-पाच धनकोंचे हुकूमनामे आहेत आणि अटकेच्या दरखास्ती येत आहेत. अशा माणसासाठी नादारी ही खरी ढाल आहे. पगारदार, घराचे कर्ज चालू, मित्र जामीनदार, अशा माणसासाठी ती जवळपास नेहमी चुकीची.

काहीच न करणे हाही पर्याय, पण समजून

ज्याच्याकडे खरोखर काही नाही, त्याच्यावर हुकूमनामा होऊनही फार काही होत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. म्हणजे ४५,००० वर साधारण १४,७०० पर्यंतच जप्ती, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. दिवाणी कैद फक्त पैसे असून मुद्दाम न देणाऱ्याला होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. ती तीन महिन्यांपेक्षा जास्त नसते, आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पण कारणे दाखवा नोटीस आली आणि हजरच राहिला नाहीत, तर वॉरंट निघते. उत्पन्नाचे शपथपत्र, बँक उतारे, औषधांची बिले घेऊन त्या तारखेला जावेच लागते.

लवादाच्या नोटिशीचेही तसेच. वित्तकंपन्या स्वतःच लवाद नेमून तुमच्या गैरहजेरीत निवाडा घेतात. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादाला पहिल्याच उत्तरात हरकत घ्या. निवाडा झालाच तर त्याला आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून तीन महिने असतात. पाकीट न फोडता परत पाठवल्याने ती मुदत थांबत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सगळे यांना मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करून आधी विचारता येते. जाताना पहिल्या पायरीचा तो सात रकान्यांचा कागद, पतअहवाल, सहा महिन्यांचा बँक उतारा आणि आलेली प्रत्येक नोटीस, पाकिटासकट, घेऊन जा. पाकिटावरची टपालाची तारीख बऱ्याच वेळा मुदत मोजायला उपयोगी पडते.